रानअळंबी: कापायची की उपटायची?

हंगाम आला की प्रश्नही तेच येतात. त्यातले काही निवडले आहेत.

प्रश्न: अळंबी कापून घ्यावी की उपटावी? उपटली तर पुढच्या वर्षी तिथे उगवत नाही म्हणतात.

उत्तर: म्हणणारे म्हणोत. आपण खुडतो ते नुसतं फळ. खरी बुरशी धाग्यांच्या जाळ्यासारखी मातीत पसरलेली असते. स्वित्झर्लंडमध्ये १९७५ पासून २९ वर्षं काही जागी अळंबी कापून, काही जागी उपटून मोजदाद केली गेली. दोन्हींमुळे पीक घटलं नाही. घटलं ते जमीन तुडवल्याने. तेव्हा पाय जपून टाका.

माझी काळजी वेगळीच आहे. कापण्याच्या आग्रहापायी ओळखीची मोठी खूण मातीतच राहते. ‘डेथ कॅप’ या अळंबीने जगात सर्वाधिक बळी घेतले आहेत. तिच्या देठाच्या बुडाशी, बहुधा मातीत दडलेलं, फाटक्या पिशवीसारखं आवरण असतं. देठ वरून कापला की हाती उरते फिकट हिरवट टोपीची, खाली पांढऱ्या पट्ट्यांची एक निरुपद्रवी दिसणारी छत्री. म्हणून अनोळखी अळंबी भोवतालची माती सैल करून अख्खी काढा, बूड तोडू नका. जवळ कोणती झाडं होती, ती मातीत होती की कुजक्या लाकडावर, हे टिपून ठेवा. टोपी कागदावर पालथी ठेवून रात्रभर झाका, बीजाणूंचा रंग उमटतो. मग हे सगळं घेऊन जाणकाराकडे जा. नाव पक्कं झालं की ती जात खुशाल कापा, पण प्रत्येक नग पाहूनच. एकाच जागी दोन जाती शेजारीशेजारी उगवतात आणि घाईच्या हाताला फरक कळत नाही.

प्रश्न: टोपली न्यावी की प्लॅस्टिकची पिशवी?

उत्तर: टोपली. पिशवीत अळंबी घामेजून कुजते. अनोळखी नग वेगळे ठेवा.

प्रश्न: गोगलगायीने खाल्लेली अळंबी आपल्याला चालते ना? आणि चांदीचा चमचा काळा पडला नाही तर?

उत्तर: दोन्ही थापा आहेत. गोगलगाय विषारी अळंबीही खाते, आणि चांदीला विष कळत नाही. डेथ कॅपचं विष शिजवून किंवा वाळवूनही जात नाही.

प्रश्न: वाकडा चाकू, ब्रश आणि ओळखणारं अ‍ॅप असा संच मिळतोय. घ्यावा का?

उत्तर: चाकू घरातलाही चालतो. अ‍ॅपला वास येत नाही, मातीतलं बूड दिसत नाही. त्याने सुचवलेलं नाव जाणकाराला विचारायला ठीक, पातेल्यात टाकायला नाही.

प्रश्न: रस्त्याकडेची चालेल?

उत्तर: नको. अळंबी मातीतलं कॅडमियम, शिसं शोषते.

प्रश्न: काल रात्री रानअळंबी खाल्ली. पहाटे उलट्या-जुलाब झाले, आता बरं वाटतंय. डॉक्टरांना दाखवावं का?

उत्तर: हे लिहीत बसण्याआधीच निघायला हवं होतं! खाल्ल्यानंतर सहा तास किंवा त्याहून उशिरा सुरू झालेला त्रास धोक्याचा असतो. मध्ये बरं वाटतं, पण तेव्हाच आतून यकृत निकामी होत असतं. उद्याची वाट पाहू नका, आत्ता थेट मोठ्या रुग्णालयात जा. उरलेली अळंबी, सालं, केरात टाकलेले तुकडे सोबत न्या. तुमच्याबरोबर जेवलेल्यांनाही न्या, त्यांना काही होत नसलं तरी.