विचारा, सांगते : आव पडते म्हणजे नेमकं काय पडतं?

प्रश्न : डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. माझ्या २६ वर्षांच्या मुलाला बरेच महिने शौचावाटे आव आणि रक्त जात होतं. कोलोनोस्कोपी झाली. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘गॉब्लेट पेशी घटलेल्या, क्रिप्ट अ‍ॅब्सेस, अल्सरेटिव्ह कोलायटिसशी सुसंगत’ असं लिहिलंय. पेशी घटल्या म्हणजे कॅन्सर का? सासूबाई म्हणतात, पोटात आव साठलीय, एरंडेल देऊन एकदा कोठा साफ करा, भेंडी-केळी असलं बुळबुळीत बंद करा. मेसालाझिनच्या (आतड्याची सूज उतरवणाऱ्या) गोळ्यांनी उतार पडलाय, त्यामुळे मुलगा आता गोळ्याच नको म्हणतो.
— एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : कॅन्सर नाही. ते आधी मनातून काढा. आणि एरंडेलाची बाटली फडताळातच राहू द्या.

निवृत्त होईपर्यंत मी असेच रिपोर्ट लिहीत आले. ती ओळ डॉक्टरांसाठी असते, पण वाचतं अख्खं घर. तेव्हा तिचा अर्थ सांगते. अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला दीर्घकाळ सूज आणि जखमा होणारा आजार. क्रिप्ट अ‍ॅब्सेस म्हणजे त्या अस्तरातल्या बारीक खळग्यांत साठलेला पू. आणि अस्तरातल्या ज्या पेशी बुळबुळीत द्रव, म्हणजे श्लेष्मा, बनवतात त्या गॉब्लेट पेशी. त्यांचा मुख्य माल म्हणजे म्युसिन नावाची प्रथिनं, आणि मोठ्या आतड्यात त्यातलं म्यूक-२. पाच हजारांवर अमिनो आम्लांची साखळी, तिच्यावर साखरेच्या रेणूंचे दाट केस. पेशीत हा माल घट्ट दाबून भरलेला असतो. बाहेर पडला की पाणी पिऊन भिजवलेल्या सब्जासारखा फुगतो आणि अस्तरावर त्याचा थर बसतो.

या थराकडे आम्हा पॅथॉलॉजिस्टांचं कित्येक वर्षं लक्षच नव्हतं. त्याला कारण तुकडे टिकवायला आम्ही वापरतो ते फॉर्मेलिन. बायोप्सीचा तुकडा त्यात टाकला की थर आकसून जातो, पुढच्या धुण्यात उरलासुरला निघून जातो, आणि काचपट्टीवर अस्तर उघडंच दिसतं. कार्नॉयच्या द्रावणात पाणी नसतं, त्यात तुकडा ठेवला तर थर टिकतो. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या संशोधकांनी २००८ साली उंदरांच्या आतड्यात दाखवलं की थर एक नसून दोन आहेत. बाहेरचा सैल, त्यात जिवाणू सुखेनैव राहतात. आतला अस्तराला घट्ट चिकटलेला, त्यात जिवाणू जवळजवळ नाहीतच. आतड्यात अब्जावधी जिवाणू असूनही आपण आजारी पडत नाही, त्यात या मिलिमीटरहून पातळ थराचा मोठा वाटा आहे. म्यूक-२चं जनुक काढून टाकलेल्या उंदरांना आपोआप कोलायटिस झाला, हे त्याआधी २००६ मध्येच दिसलं होतं.

तुमच्या मुलाच्या आतड्यात हा आतला थर विरळ झालाय. जिवाणू अस्तराला भिडतात, शरीर त्यांच्यावर तुटून पडतं, अस्तराला जखमा होतात. शौचात दिसते ती आव म्हणजे त्या सुजलेल्या अस्तरावरून रक्त-पुवाबरोबर सुटून आलेला श्लेष्मा. बाहेर जास्त दिसते म्हणून आत साठलीय, हा सासूबाईंचा हिशोब उलटा आहे. आत तिचा तुटवडा आहे! रेचक देऊन तुम्ही सुजलेल्या आतड्याला आणखी डिवचाल, बाकी काही नाही. भेंडीचा बुळबुळीतपणा वनस्पतीतल्या साखरांचा, त्याचा या प्रथिनाशी संबंध नाही.

आता गोळ्यांबद्दल, कारण मला काळजी त्याची आहे. गॉथेनबर्गच्याच गटाने २०१९ मध्ये रुग्णांचा श्लेष्मा तपासला. आजार जोरात असताना म्यूक-२ आणि त्याच्या जोडीची प्रथिनं घटलेली होती. पण आजार शांत असलेल्या काही जणांच्या गॉब्लेट पेशीही नीट स्रवत नव्हत्या. रक्त थांबलं म्हणजे थर भरून आला, असं धरून चालू नका. मेसालाझिन कधी कमी करायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील, मुलगा नाही. आणि डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक त्याला देऊ नका. या गोळ्यांनी आजार उसळू शकतो.

एक विचारून घ्या : शौचाची अमिबासाठी तपासणी झाली होती का? एंटामिबा हिस्टोलिटिका हा आपल्याकडचा जुना पाहुणा हेच म्यूक-२ कापून आत शिरतो, आणि आव-रक्त अगदी असंच पडतं. अमिबा असताना कोलायटिस समजून सूज दाबणारं स्टेरॉइड सुरू झालं तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. बहुधा झालीच असेल, तरी विचारा.

खाण्याचं म्हणाल तर आजार उसळलेला असताना मऊ भात, शिजवलेलं, सोसेल ते. शांत झाला की भाजी-भाकरी, डाळी हळूहळू पूर्ववत करा. अन्नातून चोथा गेला की आतड्यातले काही जिवाणू श्लेष्म्याच्या साखरांवरच ताव मारतात, हे २०१६ साली उंदरांत दिसलंय. आज कॅन्सर नाही, पण पुढे कधी होईल का, ही शंका पूर्ण उडवून लावणार नाही. मोठं आतडं बरीच वर्षं सुजत राहिलं तर धोका वाढतो, म्हणून आजार सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनी ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी सुरू करतात. ती तारीख चुकवू नका.

प्रश्न : वय ५२. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये सीए १९-९ हा आकडा ४६ आला, मर्यादा ३७. इंटरनेटवर स्वादुपिंडाचा कॅन्सर असं दिसलं. त्रास काही नाही, पण झोप उडालीय.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हा आकडाही म्युसिनचाच. त्यांच्यावरच्या साखरेची एक विशिष्ट रचना रक्तात मोजतात. १९७९ साली फिलाडेल्फियात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपेशींवर काम करताना तिला ओळखणारं प्रतिपिंड सापडलं. पण ही रचना निरोगी पित्तनलिका आणि स्वादुपिंडातही बनते. खडा अडकला, कावीळ झाली, स्वादुपिंड सुजलं तरी आकडा चढतो, कधी शेकड्यांत. उलट शंभरातल्या पाच-दहा माणसांच्या शरीरात ती बनतच नाही. त्यांना कॅन्सर असला तरी हा आकडा गप्प. निरोगी माणसाच्या पॅकेजमध्ये ही चाचणी कशाला घालतात, मला कधी कळलेलं नाही. निदान झालेल्या रुग्णावर उपचार लागू पडतायत का, ते पाहायला ती खरी उपयोगी.

तुमच्या डॉक्टरांना भेटून लिव्हर फंक्शन आणि पोटाची सोनोग्राफी करा. वजन उतरत असेल, डोळे पिवळे दिसत असतील किंवा अलीकडेच मधुमेह निघाला असेल, तर ते आवर्जून सांगा. यातलं काही नसेल तर काही आठवड्यांनी त्याच लॅबमधून पुन्हा तपासा. लॅब बदलू नका, पद्धत बदलली की आकडाही बदलतो.