चिनी मूत्रल वनौषधी आणि किडनी : वाचकांचे प्रश्न

*मुलीने सिंगापूरहून फू-लिंग आणि झ-श्येची पावडर पाठवली आहे. पायांची सूज उतरेल का?*

फू-लिंग ही पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी आणि झ-श्ये हा एका पाणवनस्पतीचा कंद. सूज आणि अडलेली लघवी यांसाठी चीनमध्ये ‘वू-लिंग-सान’ नावाचे पाच द्रव्यांचे मिश्रण शतकानुशतके देतात, त्यात ही दोन्ही असतात. झ-श्येने लघवी वाढते असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. पण पाय सुजले कशाने? हृदय, यकृत की किडनी? ते आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. पावडर तोवर डब्यातच राहू द्या.

*लघवी भरपूर झाली म्हणजे किडनी धुऊन निघते ना?*

नाही. भरपूर लघवी होणाऱ्या माणसाचेही क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट काम करत नसली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ, वाढलेले असू शकते.

*मक्याच्या कणसाचे केस उकळून पिऊ का? चिनी लोकही पितात म्हणे.*

पितात. निरोगी माणसाने कधीमधी प्यायला हरकत नाही. बीपीच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

*‘अंगातले पाणी काढून वजन उतरवणारी’ चायनीज हर्बल कॅप्सूल ऑनलाइन मिळते. नैसर्गिक आहे, मग धोका काय?*

‘नैसर्गिक’ हा शब्द विक्रेत्याचा आहे, किडनीला तो कळत नाही. 1990च्या सुमारास ब्रसेल्समधल्या एका वजन उतरवण्याच्या क्लिनिकमध्ये स्त्रियांना चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या गेल्या. त्यांत हवी होती ‘फांग-जी’, म्हणजे स्टेफानियाचे मूळ; पडले ‘ग्वांग-फांग-जी’, म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकियाचे. शंभराच्या आसपास स्त्रियांच्या किडन्या बाधित झाल्या, अनेकींवर डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ आली. औषध थांबवूनही हानी थांबली नाही. पुढे किडन्या आणि मूत्रवाहिन्या काढलेल्या 39 जणांपैकी 18 जणांना तिथेच कर्करोग सापडल्याचे 2000 साली प्रसिद्ध झाले. अ‍ॅरिस्टोलोकियातले अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल पेशींच्या डीएनएला चिकटते, म्हणून हा धोका वर्षानुवर्षे राहतो. लघवी वाढवणाऱ्या ‘मू-तोंग’च्या जागीही ‘ग्वान-मू-तोंग’ ही अ‍ॅरिस्टोलोकियाचीच एक वनस्पती वापरली जाई. चीनने 2003 मध्ये तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडची ईश्वरी आणि किडामार याही अ‍ॅरिस्टोलोकियाच, तेव्हा ‘आमचे देशी आहे’ हेही उत्तर नव्हे. अ‍ॅरिस्टोलोकियाने होणाऱ्या किडनीच्या या विकारात सुरुवातीला सूज नसते, लघवीत प्रथिनेही फारशी जात नाहीत. माणसाला बरे वाटत असते आणि किडनी आक्रसत जाते. कॅप्सूलमध्ये नेमके कोणते मूळ दळले आहे हे लेबल वाचून कळत नाही, प्रयोगशाळेतच कळते. ती घेऊ नका. घेतली असेल तर क्रिएटिनिन तपासून किडनीतज्ज्ञांना भेटा.

*चिनी काढ्यात गान-त्साव म्हणजे आपले ज्येष्ठमधच असते. लघवीच्या गोळीसोबत चालेल ना?*

स्वतःच्या मनाने नको. ज्येष्ठमध रोज आणि जास्त घेतले तर अंगात पाणी साठते, बीपी चढते, पोटॅशियम घसरते. लॅसिक्ससारख्या गोळीनेही पोटॅशियम घसरतेच. दोन्ही मिळून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सर्दीला चिमूटभर चघळणे वेगळे.

*वडिलांचे क्रिएटिनिन 2.1 आले आहे. डॉक्टरांकडे जाण्याआधी किती दिवस वनौषधी करून पाहू?*

एकही दिवस नाही. ओळखीतल्या कुणाचे क्रिएटिनिन काढ्याने उतरले, ही ऐकीव गोष्ट घरोघरी फिरते आणि उपचार करता आले असते ते महिने तिच्यात जातात. याच आठवड्यात किडनीतज्ज्ञांना दाखवा. आजवर घेतलेल्या प्रत्येक पुडीचे, कॅप्सूलचे पाकीट सोबत न्या, रिकामे असले तरी.