उजनी मायनसमध्ये गेल्यावर

सोलापूर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. परीक्षा संपली, लेन्स हातात आली आणि मे अखेरीस कोकणात जाऊन समुद्रावरचे पक्षी टिपायचं ठरलंय, हे वाचून बरं वाटलं. जरूर जा. पण त्यात एक वाक्य आहे, 'आपल्या सोलापुरात काय आहे काका, ना समुद्र ना किनारा.' ते मला लागलं. किनारा आहे गं. वर्षातून दोन-अडीच महिनेच असतो आणि ते दिवस आत्ता चालू आहेत.

उजनी धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपून मृतसाठ्याला हात लागला, की आपल्याकडे घराघरात काळजी सुरू होते, आणि ती रास्तच आहे. धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. पाणी त्याच्याही खाली उतरतं तेव्हा करमाळा तालुक्यात केत्तूर, कुगावच्या अंगाला लांबच लांब जमीन उघडी पडते. जुन्या बांधांचे दगड, बुडालेल्या गावांच्या भिंती, पांढरे पडलेले शिंपले, भेगाळलेला गाळ, मधेमधे उंचवट्यांची बेटं. समुद्रात जी ओहोटी सहा तासांत होते, तिला उजनीत सहा-सात महिने लागतात. पक्ष्याला मात्र दोन्हीकडे एकच दिसतं: उथळ पाणी, मऊ चिखल आणि चारी बाजूंनी मोकळी नजर. म्हणून शेकाट्या, कंठेरी चिखल्या, प्रॅटिन्कोल अशी किनाऱ्यावरची मंडळी इथे असतात. मागे रेंगाळलेले रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवेही मिळतात. आणि असतो नदी सुरय, ज्याच्यासाठी हे सगळं पत्र लिहितोय.

सुरय समुद्रावरही असतात, तिथे त्यांच्या कितीतरी जाती आहेत. आपला नदी सुरय गोड्या पाण्याचा. डोक्यावर काळी टोपी, हळदीसारखी पिवळी चोच, आखूड तांबडे पाय, शेपटीला दोन लांब तुरे. मार्चपासून मेपर्यंत तो नदीतल्या वाळूच्या बेटांवर अंडी घालतो. आता भीमेत वाळू किती उरली आहे ते तू जाणतेसच. वाळू गेली तशी त्याची जागाही गेली, आणि जगभरातल्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत हा पक्षी आता आला आहे. उजनीतले हे उन्हाळी उंचवटे म्हणजे त्याला उरलेला आसरा. तिथेही सुख नाही. पाणी उतरत गेलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री चालत येतात. पाऊस लवकर झाला, दौंडकडून आवक वाढली, की अंडी पाण्याखाली.

घरटं म्हणशील तर घरटं नसतंच. गाळात उथळ खळगा, त्यात दोन-तीन अंडी, गाळाच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची. पाय ठेवीपर्यंत दिसत नाहीत.

आता नीट वाच. पक्षी अंड्यांवर ऊब द्यायला बसतो असं आपण शाळेत शिकलो. मे महिन्यात दुपारी तो ऊब द्यायला बसत नाही, सावली धरायला बसतो. आपल्याकडे हवा ४३-४४ अंशांवर जाते, तेव्हा उघडा गाळ पन्नासच्याही वर तापतो. तेवढ्या उष्णतेत अंड्यातला जीव फार वेळ तग धरत नाही. मी एकदा होडीतून बराच वेळ एका जोडीकडे पाहत होतो. नर की मादी ते सांगता येत नाही, दोघं सारखीच दिसतात. एक जण उठला, पाण्यावर उतरला, पोट पाण्याला घासून दोनदा-तीनदा डुंबला आणि तसाच निथळत परत आला. अंड्यांशी दोन पावलं चालला, पिसं फुलवली आणि ओलं पोट अंड्यांवर टेकवून बसला. डावीकडे हलला, उजवीकडे हलला, जसं आपण मडक्याभोवती ओलं फडकं नीट बसवतो. थोड्या वेळाने दुसरा आला आणि पहिला उठला. सगळी दुपार हेच चाललं होतं. टिटवीही असंच करते.

आता त्या जागी तू उभी आहेस असं धर. तुझ्या चाहुलीने पक्षी उठला, डोक्यावर घिरट्या घालू लागला, ओरडू लागला. तू खाली बसून फोटो काढते आहेस. किती वेळ? दहा मिनिटं? त्या दहा मिनिटांत खाली काय शिजतंय, ते तुझ्या पडद्यावर दिसत नाही.

हे मी अंगावर घेऊन सांगतोय. सुरुवातीच्या काळात मी अशाच एका उंचवट्यावर सकाळी साडेदहाला चालत गेलो होतो. सुरय सरळ माझ्यावर झेपावत होता, चोच उघडी, पंख ताणलेले, डोळा लख्ख. तसा फोटो मला त्याआधी कधी मिळाला नव्हता. मी वीसेक मिनिटं थांबलो. एक कावळा मागच्या बाजूला उतरला आणि एक अंडं उचलून गेला, आणि जोडी माझ्यामागे लागलेली असल्याने त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. पुढे तो फोटो एका प्रदर्शनात लागला, लोकांनी नावाजला. त्यात राग दिसतो म्हणाले. तो राग नव्हता. तेव्हापासून कॅमेऱ्याकडे झेपावणाऱ्या सुरयचा किंवा टिटवीचा फोटो दिसला की मी फोटोग्राफर कुठे उभा होता ते आधी बघतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या तू कधी वाच. पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणंही त्यात शिकारच धरलं आहे. हातात बंदूक असावी लागत नाही.

मग किती अंतर ठेवायचं? आकडा मी देणार नाही. पक्षी सांगतो. मान उंच करून बघायला लागला की तिथेच थांब. उठून उभा राहिला की तू दोन पावलं जास्त आली आहेस, मागे सर. पहिली हाक दिली की निघ. उंचवट्यावर पाय ठेवायचाच नाही, होडीतूनच काम करायचं. केत्तूरच्या बाजूला चिलापी धरणारे मच्छीमार आहेत, त्यांच्यापैकी कुणाला तरी आदल्या दिवशीच विचारून ठेव. त्यांना कुठल्या बेटावर काय आहे ते आपल्यापेक्षा बरंच जास्त माहीत असतं. मोटर लांबच बंद करायला सांग आणि वाऱ्यावर होडी वाहू दे. पक्षी रोज जाळी टाकणारी होडी बघतात, तिला ते घाबरत नाहीत. उभ्या माणसाला घाबरतात. म्हणून तू होडीत खाली बस, लेन्स काठावर टेकव. पाण्याच्या पातळीवरून घेतलेल्या फोटोत जी जवळीक येते, ती उभ्याने कितीही झूम केलं तरी येत नाही.

वेळेचं बघ. उजाडल्यापासून साडेआठपर्यंत. पुढे गाळावरची हवा थरथरायला लागते, आणि कितीही महागडी लेन्स असली तरी फोटो पाण्यात बुडवल्यासारखा येतो. मग लोक फोकसला दोष देतात. दोष हवेचा असतो. नऊ वाजता कॅमेरा पिशवीत घाल, झाडाखाली बस, भाकरी-शेंगाचटणी खा.

उडत्या पक्ष्यांसाठी मात्र मला संध्याकाळ जास्त आवडते, आणि त्याचं कारण वारा आहे. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उतरतो, वाऱ्याला तोंड देऊनच उठतो. मे अखेरीस आपल्याकडे वारा पश्चिमेचा. सकाळी सूर्य पाठीशी घेतलास तर तू पश्चिमेकडे बघतेस आणि पक्षीही पश्चिमेकडेच तोंड करून उतरतो, म्हणजे तुला त्याची पाठ मिळते. संध्याकाळी सूर्य आणि वारा दोन्ही तुझ्या पाठीशी. सुरय तुझ्याकडे तोंड करून, चेहऱ्यावर उजेड घेऊन येतो. त्याचा डोळा काळ्या टोपीत असतो, बाजूने किंवा वरून उजेड आला तर डोळा हरवतो. समोरचा, खाली झुकलेला उजेड पडला की त्या काळ्यात एक ठिणगी दिसते. एवढ्यासाठी मी तीन-तीन संध्याकाळी थांबलो आहे.

सूर मारणाऱ्या सुरयला शटर १/२५०० च्या खाली आणू नकोस. आयएसओ वाढला तर वाढू दे. एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेव, पांढऱ्या पिसांवर लाव आणि मग हात लावू नकोस. मागे वळवाचे काळे ढग आले की कॅमेरा ते ढग उजळायला जातो आणि पांढरा पक्षी पांढराफटक पडतो. मागे चमकतं पाणी आलं की उलट, पक्षी काळवंडतो. बाकी सेटिंग तुझं तुला सापडेल.

ढगांवरून आठवलं. वळीव येण्याआधी उजनीवर जो उजेड पडतो तो सोडवत नाही, हे मला माहीत आहे. पण त्या माळासारख्या उघड्या गाळावर सगळ्यात उंच वस्तू तूच असतेस. गडगडाट ऐकू आला की पाणी सोड, गाळ सोड, तडक गावात ये. आणि भेगा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसतो, आत गुडघाभर ओला असतो. जिथे म्हशींचे खूर उमटलेत तिथूनच चाल.

आता तुझं कोकण. तिथे एवढंच ध्यानात ठेव की मे अखेरीस बहुतेक कुरव आणि चिखल्या उत्तरेला गेलेले असतात. त्या वर्षी प्रजननाला न लागलेली काही तरुण पाखरं मागे राहतात, पिसं झडलेली, फिकी. मोठ्या थव्यांची आशा धरून जाऊ नकोस. त्याऐवजी खडकांवरचा काळसर रीफ बगळा बघ, तो तुला उजनीवर मिळणार नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा त्याच्या आधीच बंदरावर जा. होड्या लागतात त्या वेळी ब्राह्मणी घारी अगदी हाताच्या अंतरावर उतरतात. भरती कधी, ते तिथली माणसं तिथीवरून काढतात. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. एकादशीला अकरा त्रिक तेहेतीस, भागिले चार, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास भरती. पंढरपूरच्या जिल्ह्यातली तू, एकादशी लक्षात ठेवायला तुला पंचांग नको. भरतीआधी दीड-दोन तास जाऊन बस. पाणी चढत येतं तसे पांगलेले पक्षी आपोआप तुझ्याकडे सरकतात, तुला त्यांच्यामागे धावावं लागत नाही. घरी आल्यावर लेन्सवरचं खार ओलसर फडक्याने पूस, कोरड्याने घासू नकोस.

पण कोकणाआधी एक शनिवार मला दे. पुणे गाडीने जेऊरला उतर, पुढचं मी बघतो. होडी ठरवून ठेवतो. टोपी, तीन लिटर पाणी आणि मळके, मातकट रंगाचे कपडे. तो नवा पांढरा शर्ट नको. परतल्यावर फोटो मला क्रॉप न करता पाठव. पक्षी चौकटीत लहान दिसला तरी चालेल, मला तो बसलेला हवा आहे.

तुझा,
काका