बाळाआधी बाळंतिणीची तयारी

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, इथे ब्रिटनमध्ये माझ्या मैत्रिणींकडे सहाव्या महिन्यातच बाळाची खोली रंगवून तयार असते. तू मात्र म्हणतेस, पाळणा इतक्यात आणू नको. आपल्याकडे बाळाची काही तयारी करतच नाहीत का?" तू ऑफिसातून निघायच्या घाईत होतीस, म्हणून तेव्हा 'करतात गं' एवढ्यावरच थांबले. आता नीट लिहिते.

तयारी करतात, आणि भरपूर करतात. पण ती बाळाच्या वस्तूंची कमी आणि बाळंतिणीची जास्त असते. पोरीला सातव्यात माहेरी आणायचं, तिचे डोहाळे पुरवायचे, बाळंतपणानंतर सव्वा महिना तिला कामाला हात लावू द्यायचा नाही, हे सगळं आधीपासून ठरलेलं असायचं. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा आणून निवडून ठेवलेलं असायचं. मालिश करणाऱ्या बाईंना सांगून ठेवलेलं असायचं. बाळासाठी म्हणून जे व्हायचं ते जुन्या कपड्यांतून.

वस्तू आधी न आणण्यामागे भीती होती आणि ती खरी होती. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे जन्मलेल्या दर पाच बाळांतलं जवळपास एक पहिल्या वाढदिवसापर्यंत पोचत नसे. पाचव्या दिवशी पाचवी पुजतात, सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणून घरातल्या बायका जागतात, हे तू आजीकडून ऐकलं आहेस. ती रात्र इतकी धाकाची का, याचं एक कारण मला धनुर्वातात दिसतं. विळ्याने किंवा मिळेल त्या पात्याने नाळ कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं. त्यातून होणारा धनुर्वात जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही दिसायचा. चांगलं अंगावर पिणारं बाळ एकाएकी तोंड उघडेनासं व्हायचं. म्हणून मला वाटतं, बाराव्या दिवशी पाळण्यात घालून नाव ठेवणं यात 'आता हे आपलं' असं म्हणायचा धीर होता. गरोदरपणी आईला द्यायची लस आणि दवाखान्यातली बाळंतपणं यामुळे ते संकट हटलं. भारतातून नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. तुला इथे गरोदरपणात डांग्या खोकल्याची लस देतात ना, तिच्यातही धनुर्वाताची असते. घेतली नसशील तर मिडवाइफला, म्हणजे तुझ्या सुईणबाईंना, लगेच विचार.

तेव्हा जे पहिल्या दिवसापासून लागणार आहे ते बिनधास्त आण. गाडीतून घरी यायचं तर इथल्या कायद्याने बाळाची कारसीट हवीच. झोपायला सपाट, घट्ट गादीची खाट पहिल्या रात्रीपासून हवी. थोडे कपडे, नॅपी. बारशाचा पाळणा मात्र बाराव्या दिवसापर्यंत थांबू दे, तेवढं माझ्या मनासाठी.

दुपटी मी शिवायला घेतली आहेत. तुझ्या आजीची दोन सुती पातळं मी इतकी वर्षं जपून ठेवली होती. धुऊन धुऊन त्यातली खळ कधीच गेली आहे, कापड बोटांना लागतसुद्धा नाही. दोन थर एकावर एक ठेवायचे, कडा आत दुमडायच्या, धावदोरा घालायचा आणि गाठ दोन थरांच्या मधे लपवायची, म्हणजे ती बाळाला टोचत नाही. काठ मी उसवून काढते, कारण जर खरखरते. नवं कापड कितीही महाग आणलं तरी पहिल्या दिवशी इतकं मऊ नसतं. गोधडीही करते आहे, पण ती बाळ जागं असताना जमिनीवर खाली अंथरायला. झोपेत अंगावर किंवा खाटेत गोधडी, उशी, लोड काही नको, आणि बाळ नेहमी पाठीवर. इथे 1991 पासून हे सांगायला लागले आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या खूप खाली आली.

जुन्यातलं सगळंच घ्यायचं नाही. बाळाला मध चाटवायचा नाही, वर्षाचं होईपर्यंत अजिबात नाही, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. घुटी नको, डोळ्यांत काजळ नको, धुरी नको. पहिला चीक काढून टाकायचा असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. तोच बाळाला आधी मिळाला पाहिजे, जमलं तर पहिल्या तासातच. भारतातून फोन येतील, मावश्या-आत्या प्रेमानेच सांगतील. तू 'बरं' म्हण, बाकी मी बघते.

आता सव्वा महिन्याचं. त्याला सोयराची शिवाशिव चिकटलेली होती. बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत वेगळं बसवायचं, देवाजवळ जाऊ द्यायचं नाही. ते मला कधीच पटलं नाही आणि तुझ्या घरात ते होणार नाही. पण शिवाशिव काढून टाकली की उरते ती विश्रांती, आणि ती इथल्या बायकांना फार कमी मिळते. सगळं सुरळीत झालं तर हॉस्पिटलमधून एक-दोन दिवसांत घरी पाठवतात. नवऱ्याची पितृत्व रजा दोन आठवड्यांची. साधारण त्याच सुमाराला मिडवाइफचं येणं थांबतं आणि हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळाची वाढ बघणारी नर्स, येऊ लागते. म्हणजे टाके अजून दुखत असतात, झोपेचं खोबरं झालेलं असतं, आणि नेमकी तेव्हाच बाई दिवसभर घरात एकटी पडते. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येतं, ते बहुतेकींना येतं आणि ओसरतं. पण दोन आठवड्यांनंतरही मन काळवंडलेलंच राहिलं तर ते आजारपण आहे, इथे दहातल्या एकीहून जास्त जणींना होतं, आणि त्याला उपचार आहेत. मला सांग, डॉक्टरला सांग, लपवू नकोस.

म्हणून खोलीच्या रंगाआधी तुम्ही दोघं बसून माणसांची यादी करा. तिसऱ्या आठवड्यात दुपारी कोण येणार? रात्री बाळाला घेऊन कोण बसणार? स्वयंपाक कोण बघणार? पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण तुझी मिडवाइफ, हॉस्पिटल, सगळं तुझ्या गावात आहे, तेव्हा माहेरच तुझ्याकडे येईल. मी तारखेच्या आधी पोचते आणि सव्वा महिना होईपर्यंत हलणार नाही. इथे आई आणि बाळ दोघांची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी होते, ती उरकूनच परत जाईन. अळिवाची खीर, मेथीचे आणि डिंकाचे लाडू माझ्याकडे. तुला लहानपणी अळीव बुळबुळीत लागायचे, नारळाच्या दुधात करीन.

डोहाळजेवण सातव्यात करू. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा जमला तर झोपाळा. पेढा की बर्फी हा खेळ आता तुझ्यापुरता फिका, तुला स्कॅनमध्ये कळलंच आहे. भारतात 1994 च्या कायद्याने सांगायला बंदी आहे, म्हणून तिथे त्यात अजून गंमत आहे.

एका बाबतीत मी हट्ट धरणार आहे. अशा समारंभात ओटी भरायला लेकुरवाळी सवाष्णच पुढे बोलावतात, आणि विधवा, मूल नसलेल्या बायका मागे उभ्या राहतात. तुझ्या मावशीने असं किती वेळा मागे उभं राहून टाळ्या वाजवल्या ते मी पाहिलं आहे. तू तापाने फणफणलीस तेव्हा माझ्याबरोबर रात्रभर जागली ती हीच मावशी. तुझी पहिली ओटी ती भरेल. तिला मी अजून सांगितलेलं नाही, कारण हे निमंत्रण तुझ्या तोंडून जायला हवं. तिच्याकडे संध्याकाळी फोन उचलतात, त्या वेळेचा हिशेब करून कर. आणि तुझ्या सासूबाईंना विचार, त्यांच्याकडे अशा वेळी काय करतात? त्यांचंही एखादं गाणं, एखादी रीत त्या दिवशी असू दे.

तारीख कळव, म्हणजे सुट्टी टाकते.

तुझी,
आई