भूल दिलेली असताना फोन कोण उचलणार?

‘डॉक्टरकी सांभाळून व्यवसाय जमेल का?’ माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारे बरेच स्पेशालिस्ट डॉक्टर हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत विचारतात. मनात वेळेचा हिशोब असतो: आठवड्याचे तास किती, त्यातले पेशंटना किती, उरतात किती. मला या हिशोबात फारसा दम वाटत नाही. का, ते एका भूलतज्ज्ञ बाईंच्या निमित्तानं सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

बाईंना घरी उपचार घेणाऱ्या रुग्णांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं यंत्र), बायपॅप (मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र) अशी यंत्रं भाड्यानं द्यायची होती. आयसीयूतून घरी गेलेल्यांची फरफट त्यांनी जवळून पाहिली होती. यंत्र मिळतं, पण फिल्टर कधी धुवायचा, वीज गेली तर काय करायचं, हे सांगायला कुणी नसतं. एक मित्र भागीदारीला तयार होता. वडील मात्र स्वतः सर्जन. ‘एवढं शिकून मशिनं भाड्यानं देणार?’ एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा विषय काढला नाही. बाईंना हे वाक्य लागलं होतं. पण त्यावर आम्ही फार वेळ घालवला नाही. वडिलांची परवानगी त्यांना नकोच होती, हे पहिल्याच भेटीत त्यांच्या लक्षात आलं.

मी त्यांना त्यांचा नेहमीचा एक दिवस सांगायला लावला. तासांचा नव्हे, व्यत्ययांचा. फोन केव्हा घेता येतो, केव्हा नाही? त्या हसल्या. ‘पेशंट टेबलावर असताना मी जागची हलू शकत नाही. फोनचा प्रश्नच नाही.’ मग मी विचारलं, ‘त्याच वेळी कुणाच्या घरी कॉन्सन्ट्रेटर बंद पडला तर?’ कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. तो बंद पडला आणि जोडीला सिलिंडर नसेल, तर घरच्यांना उद्यापर्यंत थांबता येत नाही. म्हणजे या धंद्याला चोवीस तास फोन उचलणारं कुणीतरी लागणार, आणि बाईंचा पेशा नेमका असा की कित्येक तास त्या कुणाच्याच हाती लागत नाहीत. रविवार पूर्ण मोकळा असता तरी हा पेच सुटला नसता.

प्रत्येक शाखेचा दिवस वेगळा असतो, आणि माझ्या मते व्यवसाय निवडताना तो आधी पाहावा. रेडिऑलॉजिस्टचे रिपोर्ट संपले की त्याची पाळी संपते. सर्जनचं ऑपरेशन संपलं तरी पेशंट संपत नाही. रात्री ताप आला की फोन त्यालाच. प्रसूतितज्ज्ञाला तर वेळापत्रक नावाची चीज नाहीच. भूलतज्ज्ञाचं काम पेशंट नीट शुद्धीवर आला की बरंचसं आटोपतं, पण ते चालू असताना दुसरं काहीही करता येत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. डॉक्टरला स्वतःच्या हातांचे पैसे मिळायची सवय असते. इथे पैसे आधी यंत्रांत अडकतात, भाडं मागाहून येतं, काहींचं थकतं, आणि तंत्रज्ञाचा पगार मात्र दर महिन्याला द्यायचाच असतो. बाईंनी तो तोटा प्रॅक्टिसच्या कमाईतून भरायचं ठरवलं होतं. मी विचारलं, ‘कुठपर्यंत?’ उत्तर तयार नव्हतं.

खरा गुंता त्यांनीच बाहेर काढला, तोही जाता जाता. ‘डिस्चार्जच्या वेळी ऑक्सिजन लागेल की नाही, यावर बऱ्याचदा माझंही मत विचारतात.’ मी त्यांना परत बसवलं.

त्यांनी मला समजावलं ते असं: फुप्फुसाच्या जुनाट आजारात विश्रांतीच्या वेळी ऑक्सिजनची पातळी ८८ टक्के किंवा त्याखाली असेल, तर घरी दिवसाला किमान १५ तास ऑक्सिजन देण्याबद्दल वाद नाही. ९५ असेल तर द्यायचा नाही, तिथेही वाद नाही. मधल्या पट्ट्यात मोह होतो. सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या ७३८ रुग्णांवरची एक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांची पातळी बसल्या जागी ८९ ते ९३ होती किंवा चालताना मध्यम घसरत होती. ऑक्सिजन मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत, किती काळ जगले किंवा पहिल्यांदा दवाखान्यात कधी दाखल झाले, यात फरक आढळला नाही. ‘तरीही पातळी ९० असलेल्या पेशंटला यंत्र लिहून दिलं तर कुणी मला चूक म्हणणार नाही,’ त्या म्हणाल्या, ‘आणि भाडं माझ्याच कंपनीत येईल.’

मला हा क्षण त्यांच्या सगळ्या वेळापत्रकापेक्षा मोलाचा वाटला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टर मेयो बंधूंनी १९१९ मध्ये आपल्या दवाखान्याची मालमत्ता आणि बचतीचा मोठा भाग ना-नफा संस्थेला दिला. तिथले डॉक्टर आजही ठरावीक पगारावर काम करतात, किती तपासण्या लिहिल्या यावर त्यांची कमाई ठरत नाही. सगळ्यांनी मेयो व्हावं असं मी म्हणत नाही, आणि व्यवसाय करणारा डॉक्टर लोभीच, असं मानणाऱ्यांतलीही मी नाही. पण आपल्या निर्णयाला पैशाचा वास लागू शकतो हे आधीच ओळखून त्याची तजवीज करावी लागते. ‘मी प्रामाणिक आहे’ एवढ्यावर भागत नाही.

बाईंनी केलेली तजवीज अशी. आपण ज्यांना पाहिलं त्या पेशंटच्या घरच्या ऑक्सिजनबद्दल त्या मत देणार नाहीत. ते फुप्फुसतज्ज्ञ ठरवतील. यंत्र लागलंच, तर पेशंटला इतर पुरवठादारांची नावंही देतील आणि ‘यातल्या एका कंपनीत माझा हिस्सा आहे’ हे स्वतः सांगतील, लेखीसुद्धा. रोजचा कारभार आणि रात्रीचा फोन भागीदाराकडे, पूर्ण वेळ. त्यामुळे नफ्यातला मोठा वाटाही त्याचा. हे गिळायला त्यांना वेळ लागला, कारण कल्पना त्यांची होती. भूल देण्याचे दिवस त्यांनी कमी केले नाहीत. हात सरावात राहायला हवा, यावर त्या ठाम होत्या.

एक गोष्ट अजून अधांतरी आहे. तोटा किती झाला की आणि किती महिन्यांनी दुकान बंद करायचं, हा आकडा बाईंनी लिहून आणला. भागीदाराला तो फार लवकरचा वाटतो. करारावर सह्या झालेल्या नाहीत, आणि आकडा ठरेपर्यंत करू नका, असं मी दोघांनाही सांगितलं आहे.