संमतीपत्रातून ‘कॅन्सर’ हा शब्द गाळू नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. ड्यूशेन (स्नायू झिजवणारा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांचे जुने स्नायूंचे नमुने फ्रीझरमध्ये आहेत, ते आता पीएचडीच्या सार्कोमावरच्या (स्नायू-हाडांसारख्या ऊतींच्या कॅन्सरवरच्या) प्रकरणासाठी हवेत, संशोधनाला परवानगी देणारी नैतिकता समिती दाद देत नाही आणि गाइड म्हणतात, ‘तू सुरू कर, कागद येईल मागाहून.’ सुरू करू नका. मी नेमकी इथेच अडकले होते.

डिस्ट्रोफिन (ड्यूशेनमध्ये बिघडणारं जनुक आणि त्याचं प्रथिन) आणि कॅन्सरच्या गाठी यांचा संबंध तुम्हाला सांगायला नको. डिस्ट्रोफिन नसलेल्या म्हाताऱ्या एमडीएक्स उंदरांत उठणाऱ्या गाठी, 2014 साली स्नायूंसारख्या सार्कोमांत त्याच जनुकाचे गळालेले सापडलेले तुकडे, हे सगळं तुम्ही वाचलेलं असणारच. विज्ञानात माझं काही अडलं नाही. अडलं ते दोन पानी संमतीपत्रात.

पहिल्या वर्षी ते आम्ही लिहिलं तेव्हा ‘कॅन्सर’ हा शब्द मुद्दाम गाळला. आधीच खचलेल्या आईबापांना आणखी कशाला घाबरवायचं, असं वाटलं. ‘स्नायूंच्या आनुवंशिक आजारावरील संशोधन’ एवढंच लिहिलं. तिसऱ्या वर्षी कॅन्सरचा भाग जोडायला गेले, तर समितीचं उत्तर आलं की मूळ हेतूत हे बसत नाही. ते उत्तर यायलाच अकरा महिने गेले. दर खेपेला टेबलावर नवा माणूस आणि ‘चवथीनंतर या’. एक ओळीची हरकत पहिल्याच आठवड्यात कळवली असती तर माझं वर्ष वाचलं असतं. याचा राग मला अजून आहे. पण चूक मूळची आमची होती, हेही खरं.

मग घरोघरी जाऊन नव्याने संमती घेतली. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका घरी आई ओळीवर बोट ठेवून वाचत होती. ‘कॅन्सर’पाशी बोट थांबलं. ‘हांतूंत कॅन्सर कित्याक बरयलां?’ (यात कॅन्सर कशाला लिहिलंय?) मी सांगितलं, तुमच्या मुलाला कॅन्सर नाही. त्याच्यात जे जनुक बिघडलंय तेच काही गाठींतही बिघडलेलं सापडतं, म्हणून पाहायचंय. तिने दोन प्रश्न विचारले आणि सही केली. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. भीती आमच्याच मनात होती. एका घरी मात्र मुलगा तोवर गेला होता. त्या दारातून मी कागद बाहेर न काढताच परत आले. तो नमुना प्रबंधात नाही.

तेव्हा माझं स्पष्ट मत: पुढे जे जे करायची शक्यता आहे ते आजच लिहा, प्रत्येक वापरासाठी वेगळा ‘हो/नाही’चा चौकोन ठेवा आणि पत्र मराठी व कोकणी दोन्हींत करा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा टप्प्याटप्प्याच्या संमतीला जागा आहे. बारा वर्षांवरच्या मुलाची लेखी सहमती वेगळी घ्या. हात चालत नसेल तर वेळ द्या, घाईने अंगठा उमटवून घेऊ नका. हल्ली निदान बहुधा रक्ताच्या जनुकीय चाचणीवर होतं, बायोप्सी (स्नायूचा तुकडा काढून तपासणं) क्वचित. असा तुकडा पुन्हा मिळणं कठीण. तुमच्या समितीचे नियम वेगळे असू शकतात आणि मी कायद्याची जाणकार नाही, त्यामुळे सदस्य सचिवांना लेखी विचारा आणि पोच घ्या.

जाता जाता: ट्यूबवर साध्या मार्करने लिहू नका, इथेनॉल लागलं की पुसतं. आणि पावसाळ्यात वीज गेली की फ्रीझर कोण बघणार, त्याचं नाव व फोन दारावर चिकटवा.

मसुदा तयार झाला की नावं काढून इथेच टाका. मी ओळ न् ओळ वाचेन.