डब्यातले फोटो अन् गावचा ‘रेडिओ’

प्रश्न: नमस्कार दादा, माझ्या वडिलांना फोटोचा भारी नाद होता. ते गेल्यावर जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याच्या घरी माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला, त्यात दीडेकशे ब्लॅक अँड व्हाइट फोटो. बाजार, कापसाच्या गाड्या, ओट्यावर पत्ते कुटणारी मंडळी. अन् एक माणूस दहा-बारा फोटोंत आहे, गळ्यात बंद पडलेला रेडिओ अडकवून चौकात उभा. आई म्हणते तो स्वतःच्याच मनाने बातम्या बनवून सांगायचा, गाव त्याला रेडिओच म्हणायचं, खरं नाव आठवत नाही. फोटो कसे जपू? साल कसं कळेल? गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू का?

उत्तर: भाऊ, पहिले तो डबा माळ्यावरून खाली घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, पत्र्याखाली काय होत असेल विचार करा. घरातल्या थंड कोरड्या कपाटात ठेवा. एकमेकांना चिकटलेले असतील तर ओढू नका, वर जिलेटिनचा थर असतो तो सोलून येतो अन् माणसाचं तोंडच जातं. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबातच नको, अन् ते चिकट पानांचे अल्बम पण नको, त्यांनी लोकांच्या लग्नांची वाट लावलीय (म्हणजे फोटोंची). स्कॅन मात्र सगळ्यांचे करून घ्या, 600 डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला 600 ठिपके).

सालासाठी माणसांकडे बघू नका, त्यांच्या मागे काय दिसतं ते बघा अन् फोटोची मागची बाजूही बघा. पाटीवर किंवा शिक्क्यावर पूर्व खानदेश, पश्चिम खानदेश असं असेल तर बहुतेक 1960 च्या आसपासचा किंवा त्याआधीचा, कारण जळगाव, धुळे ही जिल्ह्यांची नावं तेव्हापासून आली. दुकानाच्या पाटीवर भाव नव्या पैशांत असेल तर 1957 नंतरचा. गाडीच्या नंबरात एमएच अन् लगेच पुढे जिल्ह्याचा आकडा दिसला तर 1989 च्या आधीचा नाहीच.

आता रेडिओभाऊ. खरं सांगू, त्या डब्यात सगळ्यात मोलाचे तेच फोटो आहेत. लग्नाचे, सत्काराचे फोटो सगळ्यांकडे असतात हो, पण असल्या माणसावर कोणी रोल खर्च करत नव्हतं, तुमच्या वडिलांनी केला, दहा-बारा वेळा केला. अन् फोटो काढणाराच गावाला विक्षिप्त वाटावा असंही आपल्याकडे झालंय, चाळीसगावचे केकी मूस आठवा, वर्षानुवर्षं घराबाहेर पडले नाहीत, टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून देखावे उभे करायचे अन् घरातच फोटो काढायचे. 1989 साली गेले, पण लोक आजही ते घर बघायला जातात. तुमच्या रेडिओचं साधं नावही उरलं नाही.

म्हणून ग्रुपवर टाकायची घाई नको, तिथे खाली पाच मिनिटांत हसणाऱ्या तोंडांची रांग लागते अन् त्याच ग्रुपमधे त्याचा नातू निघतो. फोटो घेऊन सत्तरी ओलांडलेल्या दोन-तीन म्हाताऱ्यांच्या ओट्यावर जा, अहिराणीत विचारा, ‘बाबा, हाऊ कोन शे?’ नाव, गल्ली, धंदा, जे कळेल ते फोटोमागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा, बॉलपेन उमटतो. घरचे सापडले तर एक प्रिंट त्यांना द्या अन् त्यांना विचारूनच पुढे टाका, फक्त ‘गावचा वेडा’ असं लिहू नका.

अन् त्याची एखादी बातमी आईला आठवत असली तर ती पण मागे लिहा. मला पण कळवा, उत्सुकता लागलीय.